वाळवंटात तंबू ठोकताय? शांत जागा अशी हेरा!

थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली की लॉस एंजेलिस, सॅन होजेकडची कितीतरी मराठी घरं तंबू-पथाऱ्या गाडीत टाकून डेथ व्हॅली किंवा जोशुआ ट्री गाठतात. वाळवंट म्हणजे शांतता असणारच, या भरवशावर! पण शेजारी मोठी आरव्ही उभी राहिली, तर कानावर येते जनरेटरची घरघर. चांगली जागा मिळणं नशिबावर सोडू नका. थोडी माहिती असली की ती हमखास सापडते.

जनरेटरलाही वेळापत्रक!
जोशुआ ट्रीमध्ये जनरेटर फक्त सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ या वेळात चालवता येतो. म्हणजे भटकंती नेमकी याच वेळात उरका! शिवाय अमेरिकेतल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांना लागू असलेला एक नियम आहे: १५ मीटर अंतरावर यंत्राचा आवाज ६० डेसिबलच्या पुढे जाता कामा नये. साध्या गप्पांचा आवाजही साधारण तेवढाच असतो.

जिथे जनरेटरच नाही
डेथ व्हॅलीतल्या टेक्सास स्प्रिंग्ज कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरला बंदी आहे. टेक्सासच्या बिग बेंड उद्यानात रिओ ग्रांदे नदीकाठच्या कॉटनवुड कॅम्पग्राउंडमध्येही तोच नियम. बुकिंग करताना ही एक ओळ आधी शोधा, निम्मं काम तिथेच होतं.

छोटा आकडा, मोठी शांतता
जोशुआ ट्रीच्या जम्बो रॉक्समध्ये तंबूच्या १२४ जागा आहेत. त्याच उद्यानात बेलमध्ये १८ आणि व्हाइट टँकमध्ये १५. व्हाइट टँकमध्ये २५ फुटांपेक्षा लांब आरव्हीला प्रवेशच नाही. युटातल्या कॅनियनलँड्स उद्यानात ‘आयलंड इन द स्काय’चं कॅम्पग्राउंड तर अवघ्या १२ जागांचं! अशा छोट्या ठिकाणी बहुधा नळ नसतो, म्हणूनच गर्दी कमी असते. माणशी रोजचं किमान ४ लिटर पाणी सोबत न्या.

ऊन वाढलं की वर चढा
डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर खाली आहे. १० जुलै १९१३ रोजी इथे नोंदलेलं ५६.७ अंश सेल्सियस हे जगातलं सर्वाधिक तापमान मानलं जातं. त्याच उद्यानात महोगनी फ्लॅट कॅम्पग्राउंड मात्र जवळपास अडीच हजार मीटर उंचीवर, झाडांच्या सावलीत! वाट खडबडीत असल्याने मोठ्या आरव्ही तिथे पोचत नाहीत. उंच चाकांची दणकट गाडी हवी, आणि हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होऊ शकतो.

रात्री आवाज लांब पोचतो
सूर्य मावळला की वाळवंटाची जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा असा थर तयार होतो, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी ऐकू न येणारा हायवे रात्री कानाशी येतो तो यामुळेच. जागा निवडताना नकाशावर मुख्य रस्ता किती जवळ आहे, हे जरूर पाहा.

वाळू गुणगुणते, उंदीर आरोळी ठोकतो
डेथ व्हॅलीतल्या युरेका टेकड्या २०० मीटरपेक्षा उंच आहेत. त्यांच्या उतारावरून कोरडी वाळू घसरली की ऑर्गनच्या खर्जासारखा घुमणारा सूर निघतो! याच वाळवंटी मुलखात ग्रासहॉपर माउस नावाचा चिमुकला उंदीर मागच्या पायांवर उभा राहून बारीक आरोळी देतो. कांगारू रॅट पाय आपटून जमिनीवर ताल धरतो. हे सगळं ऐकायचं तर माणसांचा आवाज थांबायलाच हवा.

अंधार आणि शांतता, जोडीनेच
जगातलं पहिलं ‘इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क’ २००७ मध्ये ठरलं ते युटातलं नॅचरल ब्रिजेस. तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये फक्त १३ जागा आहेत. पुढे बिग बेंड (२०१२), डेथ व्हॅली (२०१३) आणि जोशुआ ट्री (२०१७) यांनाही तो मान मिळाला. शहरापासून दूर म्हणजे दिवे कमी आणि गोंगाटही कमी. अमावस्येच्या आसपासची, आठवड्याच्या मधली रात्र निवडा.

गाडी नेताच येत नाही!
ॲरिझोनातल्या सग्वारो उद्यानात गाडीने थेट पोचता येईल असं एकही कॅम्पग्राउंड नाही. परवाना काढायचा, पाठीवर सामान घ्यायचं आणि डोंगर चढायचा. पायांची तयारी असेल, तर यापेक्षा शांत मुक्काम सापडणं अवघड.

पोचल्यावर काय बघायचं?
स्वच्छतागृहाच्या दाराजवळची, नळाजवळची आणि प्रवेशद्वाराची जागा टाळा. रात्रभर ये-जा तिथेच असते. वळणरस्त्याच्या टोकाची, मागे खडकांची भिंत असलेली जागा मिळाली तर लगेच पकडा. मात्र नेमलेली जागा सोडून कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कधीही लावू नका. डोंगरात दूर कुठे पाऊस पडला, तरी तिथे अचानक लोंढा येतो.

आणि शेवटचं, मनापासून: रात्री १० ते सकाळी ६ ही उद्यानांतली शांततेची वेळ आहे. स्पीकर घरीच ठेवा, गाडीची दारं हळू लावा, मुलांना ताऱ्यांखाली कुजबुजायला शिकवा. शेजारच्या तंबूला शांत झोप मिळणं आपल्याच हातात असतं.