पहिल्या श्वासाआधीचं रक्ताभिसरण

पोटातल्या बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. ऑक्सिजन येतो आईकडून, वारेमार्फत. त्यामुळे बाळाच्या रक्ताचा मार्गही वेगळा असतो.

● हृदय : गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी धडधडू लागतं.

● वार : आई आणि बाळाचं रक्त इथे शेजारून वाहतं, पण सहसा मिसळत नाही. पातळ पडद्यातून ऑक्सिजन आणि पोषण पलीकडे जातं.

● नाळ : एका शिरेतून शुद्ध रक्त बाळाकडे येतं, दोन धमन्यांतून अशुद्ध रक्त वारेकडे परततं.

● हिमोग्लोबिन : गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते प्रौढांच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन अधिक घट्ट धरतं.

● दोन आडवाटा : हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधलं छिद्र आणि फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी नलिका. यांमुळे बहुतेक रक्त फुप्फुसांत न जाता थेट शरीरात फिरतं.

● जन्मानंतर : बाळाने श्वास घेताच फुप्फुसांत हवा शिरते, छिद्राची झडप मिटते. नलिका दोन-तीन दिवसांत आकसते. साधारण चारातल्या एका प्रौढात हे छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही.