थरथरीवर प्लायवूडचा उतारा

स्पीकर कोणते घ्यावेत यावर हाय-फायचे शौकीन रात्र जागवू शकतात. अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा चांगला की ट्रान्झिस्टरचा, यावरून जिवलग मित्रांत अबोला धरला जातो. हे सगळं ठेवायचं कशावर, हा प्रश्न मात्र खोकी घरात येऊन पडल्यावर सुचतो. मग टीव्हीचं जुनं टेबल, लग्नात आलेलं शोकेस, नाहीतर भिंतीतलं फडताळ, जे रिकामं असेल ते कामाला लागतं. सीडी प्लेअरचं किंवा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचं त्यानं फारसं बिघडत नाही. त्यांच्यासाठी महागडे खास रॅक विकणाऱ्यांचे दावे मी तरी मनावर घेत नाही. रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट वेगळी. त्याच्यापुरता रॅक हा यंत्राचाच एक भाग आहे, आणि तो गावातल्या सुताराच्या मदतीनं, प्लायवूडमध्ये उत्तम बनतो.

खाचेतून चालणारी सुई हे मुळात थरथर मोजायचं साधन आहे. खाचेच्या भिंतीवरची सर्वांत बारीक वळणं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरातली असतात. त्यातून सुई धरणाऱ्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट मिळतात, आणि तेवढ्यावर पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. त्यात आणखी एक गोम आहे. एलपी कोरताना खर्जाचा जोर मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाचा रुंद होऊन एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांचं गाणं मावणार नाही. वाजवताना तो जोर परत भरून काढायचा. १९५४ साली रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज सुमारे नऊ पट वाढवला जातो. हे गणित गाण्यासाठी बसवलेलं आहे, पण दार आपटल्याचा, फरशीवरच्या पावलांचा धक्का नेमका याच खालच्या पट्ट्यात येतो. तोही नऊ पट होतो. स्पीकरचा खर्ज फरशीतून टेबलात, टेबलातून सुईत आणि सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये असा फिरू लागला, की आवाज थोडा वाढवताच खोली घुमायला लागते.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात थरथरीचा विषय निघाला तर अर्थातच कोणाला रेकॉर्ड प्लेअर आठवणार नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी इथं ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांतच दुसरा, थोडा सौम्य धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात तर जमिनीतून येणारे आवाज आणि हादरे त्याच्या कितीतरी आधीपासून चर्चेत होते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिलेल्या मराठवाड्याला भांडं वाजलं तरी उठून बसायची सवय आहे.

आणि याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, थरथरीपासून स्वतःला वाचवण्यात जगात सर्वांत पुढे असलेल्या यंत्रांपैकी एक उभं राहायचं आहे. लायगो-इंडिया. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटरच्या, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांना आरसे, मधून धावणारा लेसर. दूरवरची कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशातून जी लहर येते, तिनं या आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास बदलतं. ते मोजायचं. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ ला ते पहिल्यांदा मोजलं. पण तिथंही सुखासुखी काही होत नाही. लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या केंद्राला आजूबाजूच्या जंगलातल्या झाडतोडीनं सतावलं होतं. हॅनफर्डच्या केंद्रात डोमकावळ्यांनी थंडगार नळावरचं बर्फ चोचीनं टोचलं, तर ते टकटकणंसुद्धा नोंदीत उमटलं.

लायगोचा उपाय ऐकला की रॅकचं निम्मं शास्त्र कळतं. तिथला ४० किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगलेला असतो, शेवटचे धागे अवघ्या ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेचे. त्यामागचं तत्त्व गवंड्याच्या ओळंब्यावर पाहता येतं. ओळंब्याची दोरी धरून हात झपाझप हलवा, खालचं वजन जागचं हलत नाही. हात सावकाश हलवा, वजन मुकाट्यानं बरोबर येतं. मधल्या एका ठरावीक गतीला मात्र ते हातापेक्षाही जास्त झोके घेतं. लोंबणारी असो की स्प्रिंगवर बसलेली, प्रत्येक वस्तूला अशी स्वतःची एक गती असते. तिच्यापेक्षा बऱ्याच जलद धक्क्यांपासूनच वस्तूची सुटका होते. त्या गतीच्या जवळचा धक्का उलट वाढतो.

प्लेअरखाली रबराचे तुकडे ठेवणारे लोक इथंच फसतात. स्प्रिंगसाठी एक सोपा हिशेब आहे: वजनानं ती जितके सेंटिमीटर दबेल त्याच्या वर्गमूळानं पाचाला भागायचं, की तिची गती हर्ट्झमध्ये मिळते. एक सेंटिमीटर दबली तर ५ हर्ट्झ. मिलिमीटरभर दबणारं कडक रबर घेतलं तर जवळजवळ १६ हर्ट्झ. चांगल्या टोनआर्मची आणि कार्ट्रिजची मिळून स्वतःची गती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असते. म्हणजे ते रबर नेमकं जिथं उपयोगी पडायला हवं तिथं काहीच करत नाही, आणि जरा वरच्या पट्ट्यात भर घालतं. एरवी रबरानं काम केल्यासारखं वाटतं ते मनाच्या समाधानासाठी.

मग काय करायचं? दोन कामं, आणि दोन्ही वेगवेगळ्या वस्तूंकडून करून घ्यायची. रॅक ताठ हवा, न डुलणारा, न घुमणारा. त्याच्यावर प्लेअरपुरता एक मऊ, सावकाश हलणारा थर. मऊपणा रॅकच्याच सांध्यांत आला तर ती ढिलाई झाली.

ताठपणा प्लायवूड स्वस्तात देतं. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवून, विषम संख्येत, दाबून बसवलेले असल्यामुळे ते दोन्ही दिशांनी सारखं वागतं; सागाच्या फळीसारखं पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात फाकत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा गुण लाखमोलाचा. दुकानात ‘कमर्शियल’ म्हणजे आयएस ३०३ चं आणि ‘मरीन’ म्हणजे आयएस ७१० चं अशी दोन नावं ऐकू येतील. कोरड्या खोलीत कमर्शियल पुरतं. मरीनचे जादा पैसे पाण्यासाठी आहेत, आवाजासाठी नाहीत. पाहायचं ते कडेला. थरांमध्ये पोकळी दिसली, बोटानं ठोकल्यावर मधेच बद्द आवाज आला, तर ते शीट परत लावून ठेवायला सांगावं. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.

आठ बाय चारचं १८ एमएम शीट पस्तीस किलोच्या आसपास भरतं. त्यातून ५५ बाय ४० सेंटिमीटरचे बारा तुकडे निघतात, करवतीची वाट धरूनही. हाय-फायच्या बहुतेक यंत्रांची रुंदी ४३ सेंटिमीटर असते, म्हणून ५५. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: १२ ऐवजी १८ एमएम घेतलं तर सव्वातीन पटींहून जास्त, आणि १८ चे दोन तुकडे फेविकॉल लावून, शिकंज्यात रात्रभर दाबून एक केले तर थेट आठ पट. चार कप्प्यांसाठी आठ तुकडे लागतात, चार उरतात. बांधणीतल्या इतर कुठल्याही कारागिरीपेक्षा या एका जोडकामाचा फायदा मोठा आहे. त्यात घाई करू नये आणि फेविकॉलमध्ये कंजुषी करू नये.

कप्पे उभे करायला लाकडी पाय आणि चुका यांच्या फंदात न पडता १२ एमएमचे पूर्ण आटे पाडलेले रॉड घ्यावेत. प्लायवूडच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही, थर फाकतात. रॉडला ती अडचणच नाही. चारही फळ्या एकावर एक रचून, शिकंज्यानं आवळून, चार कोपऱ्यांत आरपार भोकं एकदमच पाडायची. वेगवेगळी पाडली तर कुठलं तरी एक भोक हमखास हटून बसतं. प्रत्येक फळीला प्रत्येक रॉडवर खाली एक नट-वॉशर, वर एक. असे एकूण ३२ नट आणि ३२ वॉशर. या आट्यांचं अंतर १.७५ मिलिमीटर असतं, म्हणून नटाचा एक फेरा म्हणजे फळी पावणेदोन मिलिमीटर वर किंवा खाली. पाणसळ ठेवून पाव-पाव फेऱ्यानं फळी अशी समतल करता येते, की महागड्या रॅकच्या मालकानं येऊन बघावं. कप्प्यांची उंची पुढे बदलावीशी वाटली तर पाना घ्या आणि बदला. रॉडच्या टोकाला टोकदार खिळे बसवले की थरथर जमिनीत ‘निघून जाते’, असं हाय-फायच्या बाजारात सांगतात. थरथर एकाच दिशेनं जायला ती काही ओढ्याचं पाणी नाही. टोकांनी रॅक घट्ट बसतो एवढंच, आणि शहाबादी फरशीला भोकं पडतात. साधे डोम नट पुरेत.

हे काम कोणाकडून करून घ्यावं? मराठवाड्यात आवाजासाठी प्लायवूड कापणारा माणूस हवा असेल तर डीजेवाल्यांना विचारावं. बेसचे बॉक्स बनवणाऱ्या सुताराला १८ एमएमची आणि घट्ट सांध्यांची किंमत सांगावी लागत नाही. बॉक्स फटीतून फुसफुसला तर वरातीतच त्याचा उद्धार होतो. त्याला एवढंच समजावून द्यायचं, की या वेळी छाती हादरवायची नाही. कापताना वरचा पापुद्रा उखडू नये म्हणून रेघेवर चिकटपट्टी लावायची आठवण करावी. कडेला सागवानी पट्टी आणि वर लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर दिसतं. सनमायका लावली तरी आवाजात काही फरक पडणार नाही. घरात वाळवी असेल तर रॅक भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावा. मागे वायरी हाताळायलाही तेवढी जागा लागतेच.

आता तो मऊ थर. बायसिकलची ट्यूब. अर्धवट हवा भरून ती सर्वांत वरच्या फळीवर गोल ठेवायची, तिच्यावर अडीच सेंटिमीटर जाडीचा शहाबादी दगड, आणि दगडावर प्लेअर. ४५ बाय ४० चा असा दगड बारा किलोच्या आसपास असतो, आणि ते वजन हवंच. हलक्या वस्तूला प्रत्येक धक्का नाचवतो. हवा किती भरायची ते कानानं नव्हे, बोटानं ठरवावं. दगडाचा कोपरा दाबून सोडला की तो सेकंदाला तीन-चार वेळा डुलला पाहिजे. जास्त वेगानं थरथरला तर हवा कमी करायची. दगड फळीला टेकला तर सगळा खेळच संपला. दर काही आठवड्यांनी पंप मारावा लागतो, ही या सोयीची किंमत.

पण जुन्या घरातल्या माडीवर, लाकडी तुळयांच्या तख्तपोशीवर, ही ट्यूब वापरू नये. चालणाऱ्या माणसाची पावलं सेकंदाला दोनच्या आसपास पडतात, माडीही त्याच लयीत लवते, आणि ट्यूब ते रोखायच्या ऐवजी झोका देते. तिथं प्लेअर रॅकवर ठेवूच नये. जाड विटांच्या किंवा दगडी भिंतीत लोखंडी ब्रॅकेट रोवून त्यावर दुहेरी फळी बसवावी. तळमजल्यावर, पक्क्या भरावावरच्या शहाबादीवर, ट्यूबचा थर निर्धास्त चालतो. कळमनुरी-वसमतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक करावं: रॅकच्या वरच्या फळीला नायलॉनचा पट्टा बांधून तो थोडा सैल ठेवून भिंतीतल्या हुकाला अडकवावा. साडेचारच्या धक्क्यात सुई उडेलच, ती कुठलीही ट्यूब वाचवणार नाही. रॅक अंगावर येऊ नये एवढंच पाहायचं.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्यावर किमान पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. व्हॉल्व्ह स्वतःही थरथर पकडतात, तेव्हा त्यालाही दुहेरी फळीच द्यावी. त्याचा ट्रान्सफॉर्मर प्लेअरच्या कार्ट्रिजपासून जितका लांब तितकी गुणगुण कमी. विजेच्या वायरी एका बाजूनं, आवाजाच्या दुसऱ्या बाजूनं न्याव्यात, आणि जिथं एकमेकींना ओलांडतील तिथं काटकोनात ओलांडू द्याव्यात.

उरलेल्या चार तुकड्यांतून रेकॉर्डांसाठी खोकं होतं, पण ते रॅकवर ठेवायचं नाही. शंभर एलपी कव्हरांसकट पंचवीस किलोच्या आसपास भरतात. कव्हर साडेएकतीस सेंटिमीटरचं, म्हणून आतली उंची चौतीस धरावी आणि रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात. आडव्या रचलेल्या वाकतात. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी नाट्यसंगीताच्या, गायकीच्या जुन्या तबकड्या जपण्यासाठी आयुष्यं वेचली. आपल्याकडे नर्सीच्या नामदेवांचे अभंग भीमसेनांच्या आवाजात असलेली एखादी एलपी कुठल्यातरी माळ्यावर अजून पडलेली असते. तिला निदान उभं राहायला जागा द्यावी.

शीट आणायला निघण्याआधी घरी एक काम करा. अ‍ॅम्प्लिफायरची खोली मोजा, आणि मोजताना मागच्या वायरी खोचलेल्या असू द्या. चाळीस सेंटिमीटरच्या फळीवर साडेपस्तीसचं यंत्र मावतं. मागचे प्लग धरले तर बहुतेकदा मावत नाही. तसं असेल तर फळी ४५ ची घ्या आणि एका शीटमधून बाराऐवजी दहाच तुकडे निघतील हे आधीच धरा. आठ तुकड्यांत चार दुहेरी कप्पे होतात, दोनच उरतात. रेकॉर्डांच्या खोक्यासाठी बाकीचं प्लायवूड वेगळं आणावं लागेल.