वाइनचे लाल द्राक्ष : वाण बघा, हवाही बघा

नाशिककडच्या वाइनच्या बागा पाहिल्या की 'आपल्या गिरीजच्या वाडीत हे जमेल का?' असे मनात येतेच. आधी वाण समजून घेऊ.

कॅबरने सोव्हिन्यॉं मूळ फ्रान्सच्या बोर्डो भागातले. मणी बारीक, साल जाड. पण पिकते उशिरा. शिराझ फ्रान्सच्याच ऱ्होन खोऱ्यातले. ऑस्ट्रेलियात पसरले, नाशिकलाही चांगले रुजले. झिनफँडेल कॅलिफोर्नियात गाजले. घड दाट, मणी एकसारखे पिकत नाहीत, कूजही लवकर धरते. स्पेनचे टेम्प्रानिलो लवकर तयार होते.

नाशिकला ऑक्टोबर छाटणीनंतर कोरडी हवा आणि थंड रात्री मिळतात. आपल्याकडे समुद्राची दमट हवा. केवडा, भुरी पाठ सोडणार नाहीत. म्हणून गिरीजला ही लागवड नको. केळी, भाजी, फुलेच बरी.

घाटावर जमीन आहे? तरी जपून. ही द्राक्षे बारीक, बियांची; खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. गिऱ्हाईक म्हणजे वाइनचा कारखानाच. २००८-०९ च्या मंदीनंतर उचल घटली आणि अनेकांना बागा काढाव्या लागल्या. तेव्हा कलमे आणण्याआधी भाव, साखरेचे प्रमाण आणि उचलीची मुदत लेखी करारात घ्या.