कपाशीतली घोळ

पाऊस होऊन गेला की गंगापूर-वैजापूरच्या कपाशीत खुरपणी सुरू होते. उपटलेलं तण बांधावर फेकलं जातं, घोळ मात्र बायकांच्या ओटीत जाते. लालसर देठ, जाड गुळगुळीत पानं, चवीला आंबटसर. संध्याकाळी तुरीच्या डाळीत नाही तर ताकात शिजवून ती भाकरीबरोबर खाल्ली जाते. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारातही पावसाळ्यात तिच्या जुड्या दिसतात, पण मेथी-पालकासारखा मान तिला मिळत नाही. तो मिळायला हवा.

1986मध्ये आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सालेम या अमेरिकी संशोधकांनी घोळीतल्या ओमेगा-3 स्निग्धाम्लांकडे वैद्यकजगाचं लक्ष वेधलं. तोवर ओमेगा-3 म्हटलं की मासेच आठवत. 1992च्या एका अभ्यासात 100 ग्रॅम ताज्या पानांत 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-3, सापडलं. शिवाय 12.2 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, 26.6 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथिऑनही. ई, क आणि ग्लुटाथिऑन ही तिन्ही अँटिऑक्सिडंट. देठाचा लाल रंग बीटासारख्याच बीटालेन रंगद्रव्यांचा, आणि तीही अँटिऑक्सिडंटच.

पान ही रसायनं स्वतःसाठी बनवतं. कडक उन्हात पेशींमध्ये ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात, त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणा झाडाला लागतेच. घोळ तर पाणी तुटल्यावर कर्बवायू घेण्याची वेळच बदलते: तो रात्री आत घेते आणि दिवसा वापरते. एकाच पेशीत ही रात्रीची आणि नेहमीची दिवसाची, अशा दोन्ही पद्धती चालतात, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022मध्ये दाखवलं. मराठवाड्याच्या पावसाच्या लहरी सोसणाऱ्या या तणाचं हे कसब थक्क करणारं आहे. पण रानातली घोळ बंदिस्त जागेत वाढवलेल्या घोळीपेक्षा सकस असते असं समजू नये. 1992च्या त्याच अभ्यासात बंदिस्त जागेतली घोळच सरस ठरली होती. कुंडीत लावली तरी ती तितकीच कामाची.

हे झालं अँटिऑक्सिडंटांचं; शरीरातल्या दाहाचा, म्हणजे सूज-जळजळीचा, संबंध मात्र ओमेगा-3सारख्या स्निग्धाम्लांशी आहे. शरीरात दाह वाढवणारे आणि शमवणारे काही संदेशरेणू ओमेगा-6 आणि ओमेगा-3 यांपासून बनतात. इथल्या स्वयंपाकातलं पारंपरिक करडईचं तेल ओमेगा-6ने भरलेलं. ओमेगा-3ची बाजू सांभाळते ती जवसाची चटणी. प्रमाण पाहिलं तर जवस घोळीच्या कितीतरी पुढे आहे. अर्थात वनस्पतींतल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा थोडाच भाग शरीर माशांतल्या प्रकारच्या ओमेगा-3मध्ये बदलू शकतं.

म्हणून घोळीने संधिवात बरा होतो, साखर आटोक्यात येते, असे दावे जपूनच ऐकावेत. परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट ठरलेला पदार्थ शरीरात तसाच वागेल असं नसतं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. 1994मध्ये हा निष्कर्ष आला, तेव्हा गोळ्यांवरचा भाबडा विश्वास हादरला. भाजी ही भाजी म्हणूनच खावी.

घोळीत ऑक्झलेटही भरपूर आहे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. इथे ताकातल्या पातळ भाजीची जुनी रीत उपयोगी पडते: दही-ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला बांधतं आणि रक्तात जाणारा त्याचा वाटा कमी होतो.

खुडताना दोन गोष्टी पाहाव्यात. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, तिच्यासारखंच जमिनीवर पसरणारं दुसरं तण आहे. ते खाऊ नये. आणि कपाशीत तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलं असेल तर त्या शेतातली घोळ कितीही कोवळी दिसली तरी तिला हात लावू नये. खुरप्याची जागा फवारणीचा पंप घेत चालला आहे, त्यामुळे ही चौकशी आता शेतमालकाकडे आणि बाजारात जुडी विकणाऱ्या मावशींकडेही करायला हवी.