सायकलला टॉर्च लावताय? थांबा, आधी हे ऐका

नागपूरच्या उन्हाळ्यात सायकल चालवायची तर रात्रीच. पण गोरेवाड्याकडे ऐन अंधारात माझा टॉर्च विझला, खड्डा दिसलाच नाही. गुडघा फुटला. डब्यावर लिहिलं होतं ‘९८०० एमएएच’. अहो, १८६५० सेलमध्ये ३५०० च्या आसपासच मावतात! असा फुगवलेला आकडा दिसला की टॉर्च परत ठेवा.

दुसरं म्हणजे झोत. टॉर्चचा झोत गोल असतो, त्यामुळे उजेड समोरच्याच्या डोळ्यांतही जातो. म्हणून रुंद झोताचा घ्या आणि खाली झुकवून लावा, मध्य साधारण १५ मीटरवर पडेल असा. ताशी २५ किलोमीटरने आपण दोन सेकंदांत १४ मीटर जातो. ब्रेक लावायला तेवढा वेळ हवाच ना! आणि मागचा लाल दिवा विसरू नका.