जुन्या वेगवान मोटारीचे बुश : मऊ कीं कठीण?

संसारांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्या झिजून कुरकुरूं लागेपर्यंत त्यांचें नांवहि घरांत कोणास ठाऊक नसतें. मोटारीच्या सस्पेन्शनमधील बुश हा त्याच जातीचा. चाकास धरणारा जो पोलादी हात, ज्यास कारागीर लोअर आर्म म्हणतात, तो गाडीच्या सांगाड्यास जेथें जोडलेला असतो, त्या सांध्यांत हा बुश बसतो. बाहेर एक लोखंडी नळी, आंत दुसरी आणि दोहोंच्या मध्यें चिकटविलेलें रबर, एवढीच बहुधा त्याची रचना. गुडघ्यांत कूर्चा जें काम करते तेंच येथें रबर करतें. हालचाल होऊं द्यावयाची, पण हाड हाडावर आपटूं द्यावयाचें नाहीं.

आमच्या अहिल्यानगरांत, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरांत, जुनी वेगवान मोटार जिवापाड सांभाळणारे गृहस्थ आहेत. फियाटची पॅलिओ 1.6 घ्या. 2001 सालीं ती आपल्याकडे आली तेव्हां तिच्या सुमारें 1600 घनसेंटिमीटरांच्या इंजिनाची शंभर अश्वशक्ति लहान गाडीस मोठीच वाटे. आज फियाटच्या नांवाची नवी मोटार येथें विकली जात नाहीं. मूळ सुटे भाग शोधावे लागतात. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची. पुढें दर 5 वर्षांनीं तपासणी होऊन ती नवी करून घ्यावी लागते. अशा वेळीं खड्ड्यांत ‘टक्’ असा आवाज येणें, ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढणें, टायर आंतल्या कडेनें खाल्ला जाणें, या खुणा दिसल्या कीं बुश तपासावयास हवेत. ज्या गाडींत घरचीं मुलें आणि म्हातारीं माणसें बसावयाचीं, तिच्या सांध्यांची हयगय करणें बरें नव्हे.

येथें एक मोह उभा राहतो. दुकानदार पॉलियुरेथेनचा रंगीत बुश पुढें करतो व म्हणतो, “हा कठीण आहे, टिकेल, गाडी रस्त्यास चिकटून चालेल.” यांत तथ्य नाहीं असें नाहीं. जर्मनींत ऑटो बायर यांनीं 1937 सालीं शोधलेला हा पदार्थ तेलास व झिजेस रबरापेक्षां पुष्कळ दाद देत नाहीं. काठिण्याच्या शोअर मापानें मोजल्यास बुशाचें रबर बहुधा 50 ते 70 अंशांचें, तर पॉलियुरेथेन 70 ते 95 अंशांचें भरतें. वळणावर चाक कमी ढळतें आणि सुकाणूं हातास नेमकें लागतें. परंतु रस्त्याचा जो हादरा रबर गिळून टाकतें, तो मग सांगाड्यास व बसणाऱ्यांच्या पाठीस पोंचतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. चिकटविलेलें रबर स्वतः पिळतें आणि परत येतें. त्यास तेल लागत नाहीं. पॉलियुरेथेनचा बुश सामान्यतः आंतल्या नळीभोंवतीं फिरतो. त्यास योग्य ग्रीस नसेल तर तो चरचरतो. आणि ज्या सांध्यास एकाच वेळीं दोन-तीन दिशांनीं वांकावें लागतें, तेथें तो अडून बसतो. म्हणून कठीण बुश घालावयाचाच असेल तर तो आडव्या अँटिरोल बारच्या बुशांपुरता घालावा, असें आमचें मत आहे. लोअर आर्मला, विशेषतः त्याच्या मागील सांध्यास, मूळ मापाचें रबरच शोभतें. शर्यतींतील गाड्यांस लावतात ते निव्वळ धातूचे गोलाकार सांधे तर गृहस्थाच्या कामाचे नव्हत.

आपल्या नगरांत वाहन संशोधन व विकास संस्था आहे. नव्या वाहनांचे नमुने केंद्रीय मोटार वाहन नियम 126 अन्वयें ज्या संस्था तपासतात, त्यांत हीहि एक आहे. तेथें कसोटी लागते ती संपूर्ण वाहनाची. बुशाचा कठीणपणा एकट्याचा नसतो; स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर व टायर यांच्याशीं त्याचा मेळ कारखान्यानें घातलेला असतो. घरबसल्या एकच दुवा बदलणाराच्या पाठीशीं अशी कसोटी नसते, हें ध्यानांत ठेवावें.

खरेदीच्या वेळीं इतकें पाहावें. रबर न वापरतांहि उष्णतेनें व हवेंतील ओझोननें म्हातारें होतें. सबब फडताळांत वर्षानुवर्षें पडलेला माल, मूळ कंपनीचा असला तरी, चिरा पाहून मगच घ्यावा. डावा व उजवा बुश एकदमच बदलावा. बॉल जॉइंटहि झिजला असेल, तर चांगल्या बनावटीचा संपूर्ण आर्म घेणें पुष्कळदां सोयीचें पडतें.

बसवितांना एक गोष्ट कारागिरास आवर्जून सांगावी. आर्मचे बोल्ट गाडी उचललेली असतांना शेवटचे आवळूं नयेत. गाडी चाकांवर उभी राहून तिचा भार पडल्यावरच आवळावेत. नाहींतर रबर नेहमीं पिळलेल्या स्थितींत राहतें आणि नवा बुश अल्पावधींत फाटतो. त्यानंतर चाकांचें अलायमेंट करून घ्यावें.

तात्पर्य, कठीणपणा म्हणजे मजबुती नव्हे. माळशेज घाटाच्या वळणांवर गाडी ताब्यांत राहावी आणि गल्लींतल्या गतिरोधकावर आजीच्या कंबरेस हिसका बसूं नये, या दोन्ही गोष्टी ज्यास एकदम हव्या आहेत, त्यानें वांकणाऱ्या रबरास कमी लेखूं नये. कुटुंबांतहि थोडें वांकणारें माणूसच सर्वांस धरून ठेवतें, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं.