दुसऱ्या दारुड्याच्या शोधात

मे १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. धंद्यातला मोठा डाव फसल्याने खचलेला बिल विल्सन मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. एका टोकाला गजबजलेला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. तो फोनकडे वळला. मला इथला कुणीतरी दारुडा भेटवून द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी तो भेटला. डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले. बिलने उपदेश केला नाही. आपली कशी धूळधाण झाली, ते सांगितलं. १० जूनला डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला. याच भेटीतून उभी राहिलेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना तोच आपला स्थापना दिन मानते.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. एएची सारी घडण याच अनुभवावर उभी आहे. भारतात ती १९५७च्या सुमारास आली. मीटिंग कुठल्याही साध्या खोलीत भरते. कुणी उठून आपलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि बोलू लागतो. विकलेलं मंगळसूत्र, मुलाच्या डोळ्यातली भीती, सुटलेली नोकरी. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. इथलं इथेच राहतं. फी नाही, खर्च सभासदच ऐच्छिक वर्गणीतून भागवतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. जन्मभराची शपथ कुणी घालत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथेही हेच सूत्र दिसतं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णांना सांभाळतात. घरच्यांचंही दुखणं असतं, म्हणून रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. एएच्या जोडीने कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये अल-अनॉन उभी राहिली, तीही याच जाणिवेतून. मनाच्या आजारांतही हा मार्ग चालतो. पुण्यातच डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण आणि नातेवाईक यांना एकत्र बसवलं.

गट शोधताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टरांना भेटावं. आणि मानसोपचारतज्ज्ञांची औषधं गटातल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. गट हा उपचारांचा सोबती आहे, त्यांची जागा तो घेत नाही. गट कुठे आहे, हे व्यसनमुक्ती केंद्रात विचारता येतं. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. एएच्या ‘खुल्या’ मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. ‘बंद’ मीटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी. एका गटात मन रमलं नाही, तर दुसऱ्यात जावं.

पहिल्यांदा येणारा बहुतेकदा दाराजवळची खुर्ची धरतो. आपल्यासारख्याचं ओझं या लोकांनी का उचलावं, हा प्रश्न त्याला आतून कुरतडतो. त्याने अ‍ॅक्रनचा तो फोन आठवावा. ज्याने फोन केला, त्याची दारू सुटलेली होती. ती सुटलेलीच राहावी, म्हणून त्याला दुसऱ्याची गरज होती. दाराजवळच्या त्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसावं, याची वाट खोलीतले जुने सभासदही पाहत असतात.